गव्हाला निवळ, वालाला गाळ

१० जानेवारी १९४४, सोमवार. कुंभिवली.

आज सकाळी गव्हाच्या वीस लोंब्या सोलल्या आणि त्यांतल्या अकरांत दाणा नव्हता, म्हणून ही वही लिहायला घेतली आहे. यापुढे जे बिघडेल ते कुणाच्या चुकीने बिघडले, हे तारखेसकट सापडले पाहिजे. माणसे विसरतात, किंवा विसरल्यासारखे करतात. बावीस वर्षे मुलींच्या शाळेत काढून मला एवढे नक्की कळले आहे.

हकीकत अशी. भात कापल्यावर या वाडीची आठ घरे माझ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. ऑक्टोबरात खालापूरच्या कचेरीतून, धान्य वाढवा म्हणून, गव्हाचे बियाणे आले. नदीला वीजघराचे पाणी बारमाही असते. मी आठही घरांना सांगितले, यंदा गहू. वालाला फक्त नदीकाठची पट्टी ठेवली आणि सगळ्यांचे वालाचे बी तिथेच टाकायला लावले. "घरात बी ठेवाल तर चोरून पेराल," असे मी म्हणाले होते. लिहायचे तर तेही लिहिले पाहिजे.

चांगो हा वाडीतला सर्वांत म्हातारा. तो तेव्हा म्हणाला, "बाय, गहू थंडीचा हाय. हितली थंडी पाव्हनी. च्या प्याली की निगाली." सगळे हसले. मी हसले नाही.

त्यांच्या वाट्याचे भात शिमग्यापर्यंत पुरते. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत पोटाला हा गहू आणि ते वाल. गहू फसला तर आठ घरे काय खाणार?

११ जानेवारी

ज्या लोंब्या आज फुलल्या त्यांना तांबडा दोरा बांधला. उद्याच्यांना पिवळा. रोज पाच-पाच सोलून दाणा भिंगाखाली पाहायचा. दाणा कुठे अडतो ते कळल्याशिवाय उपाय करता येणार नाही.

चांगोची सून भागी बांधावरून ओरडली, "सोनुआत्ये, बग गं, बायनं गव्हाला करगोटं बांधलं!"

वाडीतलीच सोनुबाई गहू खुरपत होती. मान वर न करता म्हणाली, "बांदू दे. दिष्ट तरी नाय लागनार."

१३ जानेवारी

खोपोलीहून गाडीने कर्जतला जाऊन शेतकी खात्याच्या एका साहेबांना लोंब्या दाखवल्या. सभ्य गृहस्थ. म्हणाले, "बाई, आमचा जन्म भातात गेला. गव्हाचं आम्ही काय सांगणार?" मग चष्मा लावून म्हणाले की फूल फळले आहे, पण दाणा जन्मून जागीच थबकला आहे. उष्म्याने होत असेल. उपाय विचारला तर, "थंडी," म्हणाले.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही. बरे झाले. बसले असते तर रडले असते.

१६ जानेवारी, रविवार

मामेबहिणीचा मुलगा आबाजी मुंबईत औषधांच्या कारखान्यात रसायनांचे काम करतो. त्याला लिहिले. दोन वर्षांपूर्वी त्यानेच सांगितले होते की झाडाच्या शेंड्यात एक रस तयार होतो, इतका थोडा की चिमटीतही यायचा नाही. तो खाली उतरतो आणि खालच्या भागाला वाढायला लावतो. हार्मोन म्हणतात. तसलाच पदार्थ कारखान्यात करून फुलांवर शिंपडला तर परदेशात टोमॅटोला पराग न पडताही फळ धरले. मी पदवी घेतली तेव्हा हे आमच्या पुस्तकात नव्हते. टोमॅटोला लागू तर गव्हाला का नाही?

वाडीचा विश्वास बसावा म्हणून ओट्यावर प्रयोग दाखवला. मातीच्या परळात गव्हाचे अंकुर वाढवले होते. निम्म्यांचे शेंडे तीन दिवसांपूर्वी ब्लेडने उडवले होते. ते तिथेच थांबले. बाकीचे चार बोटे वर गेले. मी म्हटले, "पाहा. शेंड्यातून रस येणे बंद झाले की वाढ बंद."

चांगो म्हणाला, "मुंडी उडवली तं मानूस बी नाय वाढत, बाय. त्याला मुंबयचं औषद कशाला?"

सगळे पोट धरून हसले. या माणसाला वाडीत फार मान आहे, आणि तो त्याचा असा वापर करतो.

२२ जानेवारी

पुडके आले. पांढरी पूड, डांबराच्या गोळ्यांच्या नात्यातली. वासही जरा तसाच. आबाजीचे पत्र: "मावशी, गव्हावर याचा गुण येतो असं मी कुठे वाचलेलं नाही. एका घागरीला एक गुंज, जास्त मुळीच नको. आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळव, नाहीतर पाण्यात मिसळणार नाही."

स्पिरिट खालापुरात मिळाले नाही. लढाईमुळे काहीच मिळत नाही. गरम पाणी वापरीन.

२४ जानेवारी, सोमवार

औषध शिंपडले. घागरीला एका गुंजेऐवजी चार घातल्या. पहिली फुले येऊन तीन आठवडे उलटले आहेत, एका गुंजेने आता काय होणार? पूड नीट विरघळत नाही, हंड्यांच्या तळाशी पांढरी बसते. वरचे पाणी घेऊन निरगुडीच्या डहाळ्यांनी लोंब्यांवर मारले. आठही घरच्या बायका होत्या. एक वाफा तुलनेसाठी मुद्दाम कोरडा सोडला.

ऊन कलताना हंड्यांच्या तळचे पाणी उरले, दोन घागरी. भागीने विचारले, "ह्ये फेकू, बाय?" मी म्हटले, फेकायचे कशाला, वालाला घाल. सोनुबाई म्हणाली, "वालानं तं औषद मागितलं नाय." मी म्हटले, "मागेपर्यंत वाट पाहायची का? गप बस." हंडे पट्टीच्याच पाटात धुऊन घेतले, म्हणजे थेंबही वाया गेला नाही.

हात दुखत आहेत. पंधरा दिवसांत आज प्रथमच भूक लागली.

२७ जानेवारी

गव्हात अजून फरक नाही. इतक्यात दिसणारही नाही. वालाची पाने खाली वाकली आहेत. पाणी कमी पडले असणार. भागीला बोलले. पाट दिवसभर सोडून ठेवला.

१ फेब्रुवारी

वाल जातो आहे. देठ सुजले आहेत, वेल सुंभासारखे पीळ खाऊन जमिनीवर पडले आहेत, फुले खाली सांडली आहेत. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हेच. कीड नाही. बुरशी नाही. भिंगाखाली काही नाही. याच पट्टीच्या बांधाला लागून गहू उभा आहे आणि त्याच्या पानाला धक्काही नाही.

काल संध्याकाळी चांगोला टोपली घेऊन पट्टीत फिरताना मी डोळ्यांनी पाहिले. आज सर्वांसमोर विचारले, "टोपलीत काय होते?"

"राख व्हती."

"कशासाठी?"

"मावा पडू नये म्हनून. माझा बाप टाकायचा, त्याचा बाप टाकायचा. बाय, ज्या पट्टीत माझं बी हाय, ती मी मारीन व्हय?"

मी म्हटले, या गव्हाला पहिल्या दिवसापासून नाव ठेवणारा वाडीत एकच आहे. माझे खोटे पडावे म्हणून कोण काय करील सांगता येत नाही. यापुढे पट्टीत पाय ठेवायचा नाही.

त्याने टोपली बांधावर उपडी ठेवली. "बरं. नाय ठेवत." एवढेच म्हणाला. आज त्याने एकही विनोद केला नाही. यावरून काय ते समजावे.

२ फेब्रुवारी

चांगो पहाटेच्या गाडीने नेरळला लेकीकडे गेला. भागी माझ्याशी बोलत नाही.

८ फेब्रुवारी

तांबड्या दोऱ्याच्या लोंब्यांना आज अठ्ठावीस दिवस झाले. जे कळले ते लिहून ठेवते. दाण्याची लांबी-रुंदी पहिल्या बारा दिवसांतच ठरते. तेव्हा आत नुसते पाणी असते. मग दूध, मग पीठ. बाराव्या दिवशी जो बारका राहिला तो पुढेही बारकाच. त्यात भरायला जागाच झालेली नसते. तेवढ्या दिवसांत दाण्याला वाढ म्हणून सांगणारे काहीतरी झाडात असणार, आणि ते इथल्या उष्म्यात तयार होत नाही किंवा पोचत नाही. आबाजीची पूड ते नव्हे. औषध मारलेला गहू आणि कोरडा वाफा यांत तिळाएवढा फरक नाही.

म्हणजे गहूही गेला.

शिमग्याला एक महिना राहिला. सोनुबाईच्या घरी आताच सकाळची भाकरी बंद झाली आहे, असे तिच्या शेजारणीकडून कळले. ती स्वतः सांगणार नाही. या दिवसांत दरवर्षी वाडीत मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावतात आणि पहिली परात मला येते. यंदा कुणाच्या अंगणात जाळ नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार

आबाजीने विचारले होते की औषध कधी, किती आणि कसे मारले ते तारखांसह कळव. त्यासाठी वही उघडली आणि चोवीस तारखेचे पान उतरून काढू लागले. "फेकायचे कशाला, वालाला घाल" इथपर्यंत आले आणि टाक थांबला.

पूड तळाशी बसत होती. वरचे निवळ पाणी गव्हाला गेले आणि खालचा गाळ वालाला. हंडे पाटात धुतले, तो पाट पट्टीच्या टोकापर्यंत जातो. तीनच दिवसांनी पाने वाकली, ते सत्तावीसच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. वर दिवसभर पाणी सोडून उरलेसुरले मीच मुळांशी पोचवले. चांगोची राख एकतीस तारखेची.

नाव सापडावे म्हणून ही वही ठेवली होती. सापडले.

तरी पुरावा हवा. न्हाणीजवळ उगवलेली बाजारच्या वालाची दोन रोपे दोन कुंड्यांत आहेत. एकाला साधे पाणी घातले, दुसऱ्याला उरलेली पूड कालवून तळचे गाळाचे.

दुपारी जेवायला बसले नाही.

१४ फेब्रुवारी

दुसऱ्या रोपाची पाने वाकली.

१६ फेब्रुवारी

देठाला पीळ. तोच सुंभासारखा. आता शंका उरली नाही, आणि शंका होती तोवर मी किती सुखी होते हे आज कळते. त्या वेलांचा पाला गुरांना घालू नका, असे वाडीत सांगून आले. का ते सांगण्याचे धैर्य झाले नाही.

१७ फेब्रुवारी

नेरळला गेले. चांगो लेकीच्या ओसरीत सुंभ वळत बसला होता. त्याचे हात पाहवेनात. त्या वेलांचीच आठवण झाली. उभ्यानेच सांगितले, "चांगोबा, तुमची राख निर्दोष होती. वाल मी मारला. औषधाच्या गाळाने."

तो वळत राहिला. मग म्हणाला, "येवढ्यासाठी आगगाडीनं आलात? कागुद टाकायचा व्हता."

"तुम्हाला वाचता येत नाही."

"म्हनून तं बरं झालं असतं."

लेक आतून हसली. तो हसला नाही. "बाय, चोर मला वाडीसमोर केलात. माफी नेरळात मागता. हितं मला कोन वळखतं?"

"मग काय करू?"

"तुमी शिकलेल्या. मी काय सांगू?" सुंभाला गाठ मारून तो उठला. "गाडी किती वाजता हाय?"

दोघे एकाच डब्यात आलो. कर्जतला गाडी बदलताना त्याने माझी पिशवी उचलली.

२० फेब्रुवारी, रविवार

आठही घरची माणसे ओट्यावर बोलावली आणि वही वाचली. दहा जानेवारीचे पान, चोवीसचे, सत्तावीसचे, एक फेब्रुवारीचे. चांगोबांविषयी जे लिहिले होते तेही, विनोदाचे वाक्य धरून. मध्ये दोनदा थांबले. पाणी पिऊन पुन्हा वाचले.

मग भागी म्हणाली, "पानी म्या वतलं."

मी म्हटले, "मी सांगितले म्हणून. तुझ्याकडे काही दोष नाही."

सोनुबाई म्हणाली, "मला म्हाईत व्हतं, बाय. पानं वाकली तवाच."

"मग सांगितले का नाहीस?"

"येकदा पानी वतायच्या येळी बोलले. येकदा तुमी ह्या बाबाला पट्टीतनं काढलात त्याच्या दुसऱ्या दिशी. दोन्ही बारीला तुमी 'गप बस' म्हनलात."

वही चाळून पाहिली. दुसऱ्या वेळचे माझ्याकडे लिहिलेले नाही. पण ती खोटे बोलत नाही.

बायका पदराने डोळे पुसत होत्या. माझ्यासाठी नव्हे; आठ घरांचे बी एकाच पट्टीत होते. या वाडीच्या वालाचा कडवटपणा बाजारच्या वालाला नसतो, आणि पुढच्या कार्तिकात पेरायला त्यातला एक दाणा उरलेला नव्हता. मी तो घरात ठेवू दिला नव्हता.

शेवटी चांगोबा म्हणाले, "झालं वाचून? आता खायचं काय ते सांगा. वही शिजत नाय."

कुणीतरी हसले. मग सगळेच. मी सांगितले, माझ्या कोठारात या वर्षीच्या खंडाचे, म्हणजे मालकीणीच्या वाट्याचे, भात आहे. ते याच जमिनीतले आहे. पाऊस पडेपर्यंत ते वाडीचे.

"आन तुमी?" सोनुबाईने विचारले.

"मीही वाडीतच राहते."

२८ फेब्रुवारी

आबाजीचे पत्र. इतक्या आनंदात त्याला मी कधी पाहिले नाही. "मावशी, वाल मेला आणि शेजारचा गहू उभाच? तुला कळतंय का हे काय आहे? गव्हातलं रुंद पानांचं सगळं तण यानं मारता येईल! वही पाठव, उरलेली पूड पाठव, ते वेल वाळवून पाठव. कारखान्यात सगळे तुझं नाव घेतायत."

चार पाने पत्र. पाऊस पडेपर्यंत आम्ही काय खाणार, हे त्याने विचारलेले नाही. त्याचा दोष नाही. मीही ऑक्टोबरात विचारले नव्हते.

५ मार्च, रविवार

गहू कापून, झोडून झाला. दाणा जिऱ्यासारखा. आठ घरांत वाटला. पेज होईल, पोळी नाही. आज जे हवाली केले ते असे:

आबाजीला: उरलेली पूड, बाटलीला लाखेची मोहर करून, खोपोलीच्या टपालाने. तारखा आणि मात्रा यांचा एक कागद, पीळ खाल्लेले तीन वेल. वही दिली नाही.

सोनुबाईला: कोठाराची किल्ली. भात मोजून दिले नाही. किती कुणाला ते ती ठरवील.

चांगोबांना: पुढच्या कार्तिकात कुठे काय पेरायचे त्याचा निर्णय. ते म्हणाले, "लेहून द्या." लिहून दिले. त्यांनी कागद उलटा धरून नीट पाहिला आणि टोपीत ठेवला.

हे झाल्यावर सोनुबाई घरी गेली आणि एक गाडगे घेऊन आली. वर राख होती. हात घालून खाली ढवळले तर वाल. वाडीचेच, बारीक, तांबूस.

ती म्हणाली, "घरात ठेवाल तं चोरून पेराल म्हनलात. पेरलं नाय, बाय. नुसतं ठेवलं."

एवढे दिवस घरात सकाळची भाकरी नव्हती आणि हे गाडगे चुलीमागे होते.

तिने ओट्यावर वाटे केले, मुठीमुठीने. आठ घरांचे आठ, आणि शेजारी नववा. मी म्हटले, माझा नको, त्यावर माझा हक्क नाही.

"गप बसा, बाय," ती म्हणाली.

गप बसले. मिळाले: वाल, एक मूठ, राखेसकट.